वेपॉइंटची उंची नेमकी कुठून मोजायची?

प्रश्न : आमची आंब्याची बाग डोंगरउतारावर आहे. ड्रोनला सगळ्या वेपॉइंटवर ४० मीटर उंची दिली होती. तरी वरच्या टोकाला तो झाडांच्या शेंड्यांना घासता घासता वाचला. जीपीएस बिघडले असेल का?
– एक बागायतदार, राजापूर

उत्तर : काळजी नको, ड्रोन बहुधा ठणठणीत आहे. अशा ड्रोनमध्ये वेपॉइंटची उंची सहसा खालच्या जमिनीपासून नव्हे, तर उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. तुम्ही पायथ्याहून ड्रोन उडवला आणि वरचा बांध २८ मीटर उंचावर असेल, तर तिथे जमिनीपासून उरतात १२ मीटर. जुनी कलमे तेवढी सहज वाढतात.

प्रत्येक वेपॉइंटला चढाप्रमाणे वेगळी उंची द्या. ॲपमध्ये भूभागानुसार उंची राखण्याची सोय असेल तर ती वापरा. मात्र तिच्या नकाशात झाडे आणि विजेच्या तारा असतीलच असे नाही, म्हणून ऐसपैस अंतर ठेवा. साठवलेला मार्ग दुसऱ्या जागेवरून उडवलात तर सगळ्याच उंच्या बदलतील, हेही ध्यानात असू द्या.

‘रिटर्न टू होम’ची उंची परतीच्या वाटेवरच्या सर्वांत उंच शेंड्यापेक्षा जास्त ठेवा. आधी हाताने एक फेरी मारून अडथळे पाहून घ्या. ड्रोन नजरेच्या टप्प्यात हवा, आणि परवानगीविना उड्डाणाची मर्यादा सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रातही ४०० फूटच आहे.