माहितीसाठ्याचे चित्रमय आराखडे : साधन सुलभ कसे व्हावे?

फोंडा तालुक्यात जमिनीचा कागद म्हटला की 'एक-चौदा'चा उतारा डोळ्यांपुढे येतो. एका कागदावर किती माहिती सामावलेली असते, हे या उताऱ्यावरून ध्यानात येते. गाव, सर्वे क्रमांक व पोटविभाग. बागायत, भातशेती, खाजन, केर, मोरड अशी जमिनीची प्रतवारी. कब्जेदारांची नावे, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक. कुळांची नावे आणि इतर हक्क. आज हा उतारा संगणकावर मिळतो. मात्र कागदावरील रकाने संगणकात नेताना प्रथम त्या माहितीचा आराखडा तयार करावा लागतो. तो चित्ररूपाने काढण्याची साधने सुलभ कशी असावीत, याचा विचार येथे केला आहे.

आराखडा म्हणजे काय?

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची पद्धती सुचविली. १९७६ साली पीटर चेन यांनी वस्तू व त्यांचे संबंध चित्राने दाखविण्याची रीत मांडली. 'मायएसक्यूएल वर्कबेंच', 'पीजीमॉडेलर' यांसारखी साधने याच विचारातून आली आहेत. पडद्यावर चौकटी मांडावयाच्या, त्या रेघांनी जोडावयाच्या आणि त्या चित्रावरून साधनाने तक्ते सिद्ध करावयाचे, असे या कामाचे स्वरूप असते.

उदाहरणादाखल 'भूखंड' ही एक चौकट घेऊ. तिच्यातच 'कुळाचे नाव' असा एक रकाना ठेवला, तर एका भूखंडास एकच कूळ नोंदविता येईल. प्रत्यक्षात कुळे अनेक असू शकतात, किंवा एकही नसू शकते. कब्जेदारांचेही तसेच आहे. एका भूखंडाचे अनेक कब्जेदार असतात आणि एका कब्जेदाराचे अनेक भूखंड. म्हणून 'भूखंड' व 'व्यक्ती' या दोहोंच्या मध्ये 'हक्कनोंद' ही तिसरी चौकट हवी. हक्काचा प्रकार, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक तिच्यात राहतील.

ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. कूळ कायद्यात १९७६ साली झालेल्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास जमिनीचा खरेदीदार मानण्याची तरतूद केली. ज्या आराखड्यात दुसऱ्या कुळास जागा नाही, तो त्याच्या हक्काचा पुरावाच दुबळा करतो. त्याचप्रमाणे गोव्याच्या विवाहविषयक कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. नाव एकाचेच लागले असले तरी स्थावर विकताना दुसऱ्याची संमती लागते. हा संबंध आराखड्यात दिसला नाही, तर तो पुढे पडद्यावरही दिसत नाही.

अशी उणीव कोणाच्या लक्षात येईल? आज्ञावली लिहिणाऱ्यापेक्षा तलाठ्याच्या आधी येईल. परंतु त्यासाठी तलाठ्यास आराखडा वाचता आला पाहिजे. साधनाच्या सुलभतेचे खरे प्रयोजन हेच होय.

सुलभतेची पथ्ये

पहिले पथ्य भाषेचे. रेघेच्या टोकाशी तीन फाटे म्हणजे 'अनेक', आडवी रेघ म्हणजे 'एक', वर्तुळ म्हणजे 'नसूही शकेल', या खुणा जाणकारांस परिचित असतात. इतरांस त्या कोड्यासारख्या वाटतात. म्हणून रेघ निवडताच शेजारी सरळ वाक्य उमटावे : 'एका भूखंडास एकही कूळ नसेल, किंवा अनेक कुळे असतील.' हे वाक्य वाचून तलाठी 'बरोबर' किंवा 'चूक' असे सांगू शकतो. चौकटींची नावेही देवनागरीत लिहिता यावीत.

दुसरे पथ्य प्रत्यक्ष हाताळणीचे. वस्तू पडद्यावर दिसावी, ती हाताने हलवावी व परिणाम तत्काळ दिसावा, हे तत्त्व बेन श्नाइडरमन यांनी १९८३ साली विशद केले. चौकट ओढली की तिला जोडलेल्या रेघाही सोबत सरकल्या पाहिजेत, आणि केलेली प्रत्येक कृती मागे घेता आली पाहिजे. मागे फिरण्याची सोय असली की नवखा माणूस निर्भयपणे शिकतो.

तिसरे पथ्य सूचनांचे. चौकट पुसण्यापूर्वी तिच्यासोबत कोणते संबंध नाहीसे होतील, हे साधनाने सांगावे. चूक दाखविताना सांकेतिक क्रमांक न देता कारण व उपाय द्यावा.

चौथे पथ्य पसाऱ्याचे. मोठ्या आराखड्यात शेकडो चौकटी असतात. त्या सर्व एकाच वेळी दाखविल्यास काहीच दिसत नाही. जमीन, व्यक्ती, महसूल असे विषयवार गट पाडावेत आणि एका वेळी एकच गट उघडावा. गट केवळ रंगाने ओळखावयास लावू नयेत. रंगभेद न जाणवणाऱ्यांसाठी शीर्षकही द्यावे. कचेरीत चर्चा अजूनही कागदावर होते; म्हणून आराखडा स्वच्छ छापला गेला पाहिजे.

कसोटी

साधन सुलभ आहे की नाही, हे करणाऱ्याने ठरवावयाचे नसते. वापरणाऱ्यास एक नेमके काम द्यावे, उदाहरणार्थ, 'या भूखंडास दुसरे कूळ जोडा', आणि त्यास मदत न करता पाहत राहावे. तो जेथे थांबतो, तेथे दोष साधनाचा समजावा व तो दूर करून पुन्हा पाहावे.

फोंडा तालुक्यात या कामास अनुकूल परिस्थिती आहे. फर्मागुडीस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर फोंडा शहरात मामलेदार कचेरी. दुर्भाट-मडकईची खाजने आणि सावई-वेऱ्याची कुळागरे अशी विविध जमीनही याच तालुक्यात आहे. विद्यार्थ्यांनी आराखडा काढावा, तलाठ्यांनी तो वाचून त्यातील उणिवा दाखवाव्यात, असा अभ्यास उभयतांस उपकारक ठरेल. नोंदी भरल्यावर आराखडा बदलणे कष्टाचे असते. चित्र कोरे असतानाच घेतलेली हरकत सर्वांत स्वस्त पडते.