काही पेनड्राइव्ह उघडतात, काही नाही

प्रश्न : सौंसरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संगणकावर लिनक्स मिंट टाकलं. गिऱ्हाइकांचे काही पेनड्राइव्ह लावताच उघडतात, काही मात्र ढिम्म. असं का?

उत्तर : ड्राइव्ह लावला की कर्नल तो ओळखतो, यूडेव्ह त्याची नोंद घेतो आणि डेस्कटॉपच्या सांगण्यावरून यूडिस्क्स तो ‘मीडिया’ फोल्डरखाली जोडतो. एकही उघडत नसता, तर फाइल मॅनेजर नेमोच्या प्राधान्यांमधली ‘आपोआप माउंट’ची खूण तपासावी लागली असती. इथे काही उघडतात. म्हणजे संशय ड्राइव्हवरच.

टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा दिली की फाइल सिस्टिम दिसते.

मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट फाइल सिस्टिमचे असतात. मायक्रोसॉफ्टने त्याचा आराखडा 2019 मध्ये खुला केला, पक्का ड्रायव्हर 2020 च्या 5.7 कर्नलमध्ये आला; जुनं मिंट तिथे अडू शकतं. एनटीएफएसची तऱ्हा वेगळी. विंडोजमधून ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह उपटला (घाईतलं गिऱ्हाईक दुसरं काय करणार!) की त्यावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहू शकते आणि मग नवा एनटीएफएस3 ड्रायव्हर तो जोडायला नकार देतो. माउंट करताना ‘फोर्स’ पर्यायाची जबरदस्ती टाळावी, कारण डेटा गिऱ्हाइकाचा आहे. विंडोजवर चेकडिस्क चालवून ड्राइव्ह नीट बाहेर काढला की तो मिंटमध्येही उघडतो.