टायमिंग चेन बदलण्याआधी

बाईकची चेन म्हटलं की आपल्याला मागच्या चाकाची चेन आठवते. पण बहुतेक फोर स्ट्रोक इंजिनांच्या पोटात आणखी एक चेन असते. पुस्तकात ती कॅम चेन, आमच्या वाईच्या गॅरेजात टायमिंग चेन. राजदूत, येझदी या टू स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्वच नव्हते, त्यामुळे ही भानगडही नव्हती. १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आली आणि ही चेन गावोगावी पोचली.

तिचं काम एकच. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची एक फेरी व्हायला हवी. म्हणून क्रँकच्या स्प्रॉकेटला समजा १६ दाते असतील, तर कॅमच्या स्प्रॉकेटला ३२. पसरणी घाट चढताना इंजिन ६००० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो. म्हणजे सेकंदाला १६०० कड्या त्या छोट्या स्प्रॉकेटवरून जातात!

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण खरं तर प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात. ९० कड्यांत प्रत्येकी ०.०२ मिमी झीज धरली, तरी लांबी १.८ मिमी वाढते. मग कॅम मागे पडतो, व्हॉल्व उशिरा उघडतात आणि पिकअप जातो. चेन एक दात सरकली तर कॅम ११.२५ अंश चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबात २२.५ अंश. तुटलीच तर काही इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळतो. मग मेसचे पैसे हेडच्या कामात गेलेच समजा.

आमच्या दादाच्या जुन्या गाडीला एका गॅरेजवाल्याने नुसती नवी चेन टाकली. दोन महिन्यांत खरखर पुन्हा सुरू. उघडून बघितलं तर स्प्रॉकेटचे दाते झिजून वाकडे आणि गाईडच्या रबरात खोल चर. झिजलेले दाते नव्या चेनलाही खातात. म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि गाईड एकदमच बदलावेत, टेन्शनरही तपासून घ्यावा.

'हेवी' चेन घेताना नंबर वाचा. '२५ एच' मधला २ म्हणजे पिच २/८ इंच, ५ म्हणजे रोलर नसलेली, आणि एच म्हणजे जाड पट्ट्यांची. सायलेंट चेनला तिचेच स्प्रॉकेट लागतात, ती साध्या स्प्रॉकेटवर चालत नाही. आणि हो, भारी चेनने पॉवर वाढत नाही, असलेलं टायमिंग जास्त दिवस टिकतं, एवढंच.

बसवताना मॅग्नेटवरची 'टी' खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवा. किक मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. कुठे अडकलं तर जोर लावू नका. ऑइल वेळेवर बदला, कारण घाण ऑइल पिनांना पॉलिश पेपरसारखं घासतं.

शेवटी एकच सांगतो. खरखर आली की टेन्शनर आवळून आवाज दाबायचा मोह होतो. पण त्याने झीज भरून येत नाही, उलट जास्त आवळला तर गाईड लवकर जातो. घाटात जाण्याआधी इंजिन उघडून बघा. सेटचा खर्च हेडच्या कामापेक्षा नक्कीच कमी आहे.