गव्हाला तणनाशक का मारत नाही?

गव्हाच्या शेतात तणनाशक फवारले की तण वाळते, गहू मात्र उभा राहतो. गहू आणि त्यातले कित्येक तण गवताच्याच कुळातले. मग हा भेद कशामुळे? उत्तर जनुकांत आहे.

पहिला मार्ग पचवण्याचा. आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक प्रकाशसंश्लेषण थांबवते. परंतु गव्हातील काही जनुके अशी विकरे तयार करतात, की ती या औषधाचे झपाट्याने विघटन करतात.

दुसरा मार्ग लक्ष्यच बदलण्याचा. इमिडाझोलिनोन गटातील औषधे 'एएलएस' नावाच्या विकराला निकामी करतात. मग रोपाला तीन आवश्यक अमिनो आम्ले बनवता येत नाहीत व ते मरते. मात्र या विकराच्या जनुकात उत्परिवर्तन होऊन ठराविक जागी सेरिनऐवजी अ‍ॅस्परॅजिन आले, तर औषधाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

येथे गव्हाची एक गंमत आहे. पोळीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असून त्यांचे ए, बी आणि डी असे तीन संच आहेत. प्रत्येक संचात हे जनुक आहे. एकाच संचात बदल झाला तर उरलेले दोन संच जुनेच विकर बनवतात. संरक्षण अर्धवट मिळते. दोन संचांत बदल झाला तर ते वाढते. आपल्या माळव्यातील कठिया गव्हात 28 गुणसूत्रे, म्हणजे संच दोनच.

पण निसर्ग तणालाही संधी देतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात गुल्लीडंडा हे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईना. काही शेतकऱ्यांना हिरवा गहू चारा म्हणून कापावा लागला. तपासणीत दिसले, की हे तणही गव्हासारखेच औषध पचवत होते. औषधाने ही शक्ती निर्माण केली नव्हती. वर्षानुवर्षे एकच औषध वापरल्याने ती शक्ती असलेली मोजकी रोपे वाचली आणि त्यांचेच बी शेतात पडत राहिले.

म्हणून औषधांची व पिकांची फेरपालट करावी आणि उरलेले तण बी धरण्यापूर्वीच उपटावे. प्रतिकारक वाण हे एक साधन आहे, तणापासून कायमची सुटका नव्हे.

स्वाध्याय
1. 42 गुणसूत्रे तीन संचांत विभागली, तर प्रत्येक संचात गुणसूत्रांच्या किती जोड्या?
2. 'औषधाने प्रतिकारशक्ती निर्माण केली नाही, निवडली' हे विधान स्पष्ट करा.