कॉन्स्टेबल यांच्या चित्रांतला नदीकाठ

प्रश्न : जॉन कॉन्स्टेबल यांच्या ‘द हे वेन’ या चित्रातील जागा आज पाहता येते का?

उत्तर : येते. इंग्लंडमधील सफक व एसेक्स परगण्यांच्या सीमेवरील स्टाउर नदीकाठी, फ्लॅटफर्ड येथे, चित्रकाराच्या वडिलांच्या पाणचक्कीजवळ (प्रवाहाच्या जोरावर धान्य दळणाऱ्या गिरणीजवळ), १८२१च्या या चित्रात डावीकडे दिसणारे विली लॉट यांचे घर अद्याप उभे असून, लंडनहून रेल्वेने मॅनिंगट्रीला उतरल्यावर तेथे पायवाटेने चालत जाता येते. मात्र चित्र आणि स्थळ तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नये. कारण कॉन्स्टेबल यांनी पूर्वी केलेल्या अभ्यासचित्रांच्या, म्हणजे झरझर उतरवलेल्या कच्च्या नोंदींच्या, आधारे हे भव्य चित्र लंडनमधील चित्रशाळेत रचले, आणि फ्लॅटफर्ड येथील उंच एल्म वृक्ष तर विसाव्या शतकात बुरशीजन्य रोगाने जवळजवळ नाहीसेच झाले. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत असल्याने ते आधी पाहून मग निघणे श्रेयस्कर.