युरेनियमचा धूर कुठे जातो?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अणुऊर्जेचा धडा निघाला की मुलं थेट जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावर येतात. ‘युरेनियम जाळल्यावर धूर कुठे जाणार?’ याचं उत्तर काय द्यावं?
– एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : बाई, हा प्रश्न टाळू नका, फार नेमका आहे. अणुभट्टीत युरेनियम जळत नाही, त्याचं अणुकेंद्र फुटतं. त्यामुळे धूर नाही. राख मात्र आहे आणि ती इंधनाच्या नळीतच साठत जाते.

आधी हे इंधन तयार कसं होतं ते सांगा. झारखंडमधल्या जादुगुड्याच्या खाणीत टनभर दगडातून किलोभरसुद्धा युरेनियम निघत नाही. दगड दळून गंधकाम्लात मुरवतात, द्रावण शुद्ध करून पिवळी पूड मिळवतात. हैदराबादला तिच्यापासून युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गोळ्या करतात, भाजतात आणि झिर्कोनियमच्या नळ्यांत भरतात. जैतापूरसाठी ठरलेल्या 1650 मेगावॉटच्या 6 फ्रेंच अणुभट्ट्यांना याहून वेगळं, समृद्ध युरेनियम लागतं. निसर्गात युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असतं, ते 5 टक्क्यांपर्यंत वाढवावं लागतं. हे काम प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर होणार नाही. इंधन तयार होऊनच येईल.

ताजी गोळी फारशी घातक नसते. घातक असतं ते वापरलेलं इंधन. त्यातलं आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, सिझियम-137 ला 30 वर्षं लागतात, प्लुटोनियम-239 ला 24,000. हे फळ्यावर लिहून भागणार नाही. वर्गात शंभर नाणी उडवायला लावा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उडवा. शंभराची पन्नासेक, मग पंचवीसेक उरतात. अर्धायुष्य मुलांना तिथेच कळतं.

शिवाय भट्टी बंद केली तरी ही राख उष्णता देत राहते. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाला त्सुनामीने थंड करणाऱ्या पंपांची वीज गेली आणि बंद भट्ट्यांचंच इंधन वितळलं.

प्रकल्पाजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा समुद्र तापण्याविषयीचा प्रश्नही याच धड्यातला आहे. जैतापूरसाठी ठरलेल्या एका भट्टीची औष्णिक क्षमता सुमारे 4590 मेगावॉट, वीज 1650. उरलेली उष्णता, म्हणजे विजेच्या जवळजवळ पावणेदोन पट, थंड करणाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. ही वजाबाकी मुलांकडूनच करून घ्या. प्रकल्प हवा की नको, हे तुम्ही सांगू नका. आकडे हाती असलेली मुलं गावच्या सभेत स्वतः प्रश्न विचारतील, तेवढी तयारी मात्र करून द्या.