माल वाढला, आता पुडीवरचं नाव बदलायचं का?



पापडावर सुरू झालेले आपले बरेच गट आता तिखट, मूगवडी, शेवया, लोणचं करू लागले आहेत. पुडीवर नाव मात्र जुनंच, 'अमुक पापड'. ज्या पुडीवर 'पापड' लिहिलंय तिच्यात तिखट आहे हे गिऱ्हाईकाला कसं कळावं? मग बैठकीत विषय निघतो: नाव बदलू या. घाई करू नका. नावामागे गटाचा पैसा असतो आणि गिऱ्हाईकाचा विश्वासही.

आधी नागपूरची इतवारीच बघा. इतवारचा, म्हणजे रविवारचा बाजार, म्हणून हे नाव. आज तिथं किराणा, कापड, सोनं सगळं मिळतं, तेही आठवडाभर. तरी नाव तेच चाललं, कारण ते कुठल्या एका मालाचं नाव नाही. त्यात कोणताही माल मावतो.

दुसरं उदाहरण लिज्जतचं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६२ मध्ये त्यांनी 'लिज्जत' हे नाव घेतलं. लिज्जत म्हणजे चव. पुढे मसाले आले, तेही त्याच नावावर खपले. कपडे धुण्याची पावडर काढली तेव्हा मात्र तिला 'ससा' असं वेगळं नाव दिलं. बरोबरच आहे, खायच्या चवीचं नाव साबणाला कसं शोभेल?

तिसरं उदाहरण लांबचं, पण कामाचं. पोलंड देशातल्या एका कंपनीनं २००८ मध्ये कॉम्प्युटरवरचे जुने गेम ऑनलाइन विकायचं दुकान काढलं. नाव 'गुड ओल्ड गेम्स', म्हणजे चांगले जुने खेळ. नंतर नवे गेमही विकायचे ठरले आणि नावातला 'जुने' शब्द आडवा आला. २०१२ मध्ये त्यांनी नुसती आद्याक्षरं ठेवली, 'जीओजी'. गिऱ्हाईक आधीपासून हेच म्हणत होते, त्यामुळे ओळख तुटली नाही. शिवाय विकत घेतलेल्या गेमला कुलूप नसेल, हा जुना शब्दही त्यांनी पाळला. नाव बदललं, वचन नाही.

आता आपल्या गटासाठी तीन प्रश्न:

१. नावात एकाच मालाचा शब्द आहे का? असेल तर आधी तेवढाच काढून बघा. 'गावरान पापड' असेल तर 'गावरान' ठेवा आणि खाली ठळक लिहा: तिखट, मूगवडी, शेवया.

२. नवा माल खायचाच आहे का? फिनाईल किंवा साबण असेल तर त्याला वेगळं नाव द्या.

३. जुन्या पुड्या किती उरल्यात? समजा, २००० पुड्या आहेत आणि एक ३ रुपयांची. फेकल्या तर ६००० रुपये गेले. त्या आधी पापडासाठी संपवा, मगच नवी छपाई.

नाव बदलायचं ठरलंच, तर एवढं करा:

• गटाचं नाव आणि मालाचं नाव वेगळं असतं. पुडीवरचं नाव बदललं म्हणून बँकेतलं गटाचं नाव बदलायची गरज नाही.

• नवा खाद्यपदार्थ सुरू करताना तो अन्न परवान्याच्या नोंदणीत घालून घ्या. १४ आकडी नंबर पुडीवर हवाच.

• तेच नाव दुसऱ्या कोणी नोंदवलं आहे का, ते ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा.

• काही महिने पुडीवर 'आधीचे नाव' छापा. फोन नंबर बदलू नका. ऑनलाइन विकत असाल तर जुन्याच खात्याचं नाव बदला. नवं खातं उघडलं की गिऱ्हाइकांचे चांगले शेरे जुन्या खात्यावरच राहतात.

• चव, वजन आणि भाव यांची जुनी हमी तशीच ठेवा. ती मोडली तर कितीही छान नाव कामाला येणार नाही.

बैठकीत करायचं काम: प्रत्येकीनं पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "आमचा माल तुम्ही काय म्हणून मागता?" उत्तरं वहीत लिहा. जो शब्द जास्त वेळा आला, तो सोडू नका. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, तिच्यावरूनच ठरवू.